मित्सुदांची कारकीर्द तासाभरात ऐकवायची आहे: क्रम काय ठेवावा? आणि ६४ किलोबाइटमध्ये तानपुरा बसतो का?

लष्कर_सतार (ग्वाल्हेर)

यंदा गणेशोत्सवात मंडळाच्या तरुण गटाला एक संध्याकाळ मिळाली आहे. जपानी गेम-संगीतकार यासुनोरी मित्सुदा यांचं संगीत तासभर ऐकवायचं ठरलंय. श्रोते दोन तऱ्हांचे आहेत. काही माधव संगीत महाविद्यालयातले किंवा घरात गाणं असलेले, ज्यांनी गेम कधी हातात धरलेला नाही. बाकीची कॉलेजची मुलं, ज्यांना गेम पाठ आहेत, पण आठ चॅनेल (एका वेळी वाजणारे आठ आवाज) म्हणजे काय ते माहीत नाही.

क्रम कसा लावावा? गेम सोडून ते ॲनिमेकडे नेमके कधी वळले? शेवटी दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक करायचं आहे: तानपुरा, तीनतालाचा ठेका आणि सतारीची एक ओळ सुपर फॅमिकॉम या जुन्या गेम-यंत्राच्या मर्यादेत बसवून. त्यासाठी फर्नेस ट्रॅकर (अशा चिपसाठी संगीत लिहायचा प्रोग्रॅम) उतरवून घेतलाय. कुठे अडेल ते आधीच कळलं तर बरं.

दौलतगंज_२४

क्रम वर्षांप्रमाणेच ठेवा, पण क्रोनो ट्रिगर या त्यांच्या गाजलेल्या खेळापासून सुरू करू नका. त्याआधीची तीन वर्षं गाळली की मित्सुदा निम्मेच कळतात. जन्म १९७२चा, यामागुची प्रांतातल्या तोकुयामाचा. १९९२ मध्ये स्क्वेअर या गेम-कंपनीत लागले ते ध्वनीच्या कामावर. चाली बांधायला त्यांना कोणी घेतलं नव्हतं. फायनल फँटसी ५, सीक्रेट ऑफ माना, रोमान्सिंग सागा २ या खेळांत त्यांचं काम साउंड इफेक्टचं आहे. पुढे त्यांनी कंपनीतले वरिष्ठ हिरोनोबू साकागुची यांना सरळ सांगितलं की संगीत करायला द्या, नाहीतर नोकरी सोडतो. साकागुचींनी क्रोनो ट्रिगर हाती दिला. तो ११ मार्च १९९५ला बाजारात आला.

माझं स्पष्ट मत आहे की त्यांच्या चालींचं जितकं कौतुक होतं तितकं वाद्यनिवडीचं होत नाही, आणि खरी कमाल तिथेच आहे. इफेक्ट करणाऱ्याला दर आवाज किती बाइट खातो हे आधी शिकावं लागतं. ते शिकून मग चाली केल्या म्हणून सुपर फॅमिकॉमच्या आठ आवाजांत इतकी मोकळी जागा राहिली. ‘कॉरिडॉर्स ऑफ टाइम’ ऐकवा: त्यात सतारीच्या जातीचा तारेचा झणकार आहे. तुमच्या श्रोत्यांचे कान तिथेच टवकारतील.

पाटीवर मात्र ‘संगीत: मित्सुदा’ एवढंच लिहू नका. कामाच्या ताणाने त्यांना पोटात अल्सर झाले, हार्ड डिस्क बिघडून सुमारे ४० अपुरे तुकडे गेले, आणि उरलेल्या काही चाली स्क्वेअरचेच संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी केल्या. एका तुकड्यात नोरिको मात्सुएदा यांचाही हात आहे.

पुढचा टप्पा झेनोगिअर्स, फेब्रुवारी १९९८. इथे यंत्र बदललं: प्लेस्टेशनवर २४ आवाज आणि ध्वनीसाठी ५१२ किलोबाइट. शेवटचं गाणं जोन हॉग यांच्या आवाजात आहे. त्याच खेळाच्या चालींवरचा ‘क्रीड’ हा आयरिश वळणाचा अल्बमही त्याच वर्षीचा. एकच चाल आधी खेळातली आणि लगेच अल्बममधली वाजवली तर गाणाऱ्या मंडळींना काही समजावून सांगावं लागणार नाही. जुलै १९९८ मध्ये त्यांनी स्क्वेअर सोडलं, तरी क्रोनो क्रॉस (नोव्हेंबर १९९९) त्यांनीच केला, स्वतंत्र संगीतकार म्हणून. २००१ मध्ये प्रोसिऑन स्टुडिओ. २००२च्या झेनोसागाच्या पहिल्या भागासाठी लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा. मग २०१०च्या झेनोब्लेडचं शेवटचं गाणं, २०१७ आणि २०२२ मध्ये त्याचा दुसरा नि तिसरा भाग. तिसऱ्यासाठी शिनोबुए जातीच्या बासऱ्या खास बनवून घेतल्या होत्या.

वेळ अशी वाटा: इफेक्टना ५ मिनिटं, क्रोनो ट्रिगरला १५, झेनोगिअर्स आणि क्रोनो क्रॉस मिळून १५, झेनोसागा ५, ॲनिमे आणि झेनोब्लेड १०, उरलेली १० प्रात्यक्षिकाला. कमी पडली तर झेनोसागा कापा, इफेक्ट कापू नका.

स्वर_आणि_बाइट

प्रात्यक्षिकाचं मी सांगतो. सुपर फॅमिकॉमच्या ध्वनी विभागाला ६४ किलोबाइट मेमरी आहे, आणि ती सगळी सॅम्पलना (मुद्रित आवाजाच्या तुकड्यांना) मिळत नाही. वाजवणारा प्रोग्रॅम, स्वरांचा डेटा, सॅम्पल आणि इकोचा बफर (प्रतिध्वनीसाठी राखलेली जागा) हे सगळं त्यातच. इकोच्या दर १६ मिलिसेकंदांना २ किलोबाइट जातात. कमाल २४० मिलिसेकंद घेतले तर ३० किलोबाइट तिथेच संपले. तुम्ही ८०वर थांबा, म्हणजे १० किलोबाइट. प्रोग्रॅमला ४ आणि डेटाला ६ धरले तर सॅम्पलना ४४ उरतात.

सॅम्पल दाबून ठेवतात: दर १६ नमुन्यांना (नमुना म्हणजे आवाजाचं एक मोजमाप) ९ बाइट. म्हणजे ३२,००० हर्ट्झला (सेकंदाला ३२,००० नमुने) एका सेकंदाला १८,००० बाइट, १६,०००ला ९,००० आणि ८,०००ला ४,५००. पूर्ण दर्जाने वाजवायचं म्हटलं तर अख्ख्या ६४ किलोबाइटमध्ये पावणेचार सेकंदसुद्धा मावत नाहीत.

तानपुरा हेच सगळ्यात अवघड काम आहे, कारण जवारीचा (तारेच्या झणझणत्या नादाचा) जीव वरच्या स्वरांशांत असतो आणि छेड लांब चालते. जोडाच्या (मधल्या षड्जाच्या) तारेची एकच छेड घ्या, ३ सेकंद, ८,००० हर्ट्झला: १३,५०० बाइट. पंचम आणि खर्ज त्याच सॅम्पलचा वेग कमी करून काढा. चिपच्या नोंदीत या सॅम्पलचा मूळ वेग १,०२४ येतो. पंचमाला ७६८, खर्जाला ५१२. ३:४ आणि १:२ ही गुणोत्तरं तंतोतंत मिळतात, षड्ज-पंचम शुद्ध लागतो. ट्रॅकरमध्ये नुसता पंचम लिहिलात तर तो बारा समान भागांतला येईल, २ सेंटचा फरक (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तो चालून जातो. गांधाराचा १४ सेंटचा फरक मात्र तुमच्याकडच्या कानांना टोचेल. सतारीच्या ओळीत गांधार फाइनट्यूनने उतरवूनच घ्या.

८,००० हर्ट्झला ४,०००च्या वरचं काहीच उरत नाही, शिवाय चिपचं इंटरपोलेशन (नमुन्यांमधली जागा भरून काढणं) आणखी धार घालवतं. म्हणून दाबण्याआधी ट्रेबल थोडं वाढवा आणि पातळी पूर्ण वर नेऊ नका, नाहीतर शिखरांवर खरखर येते. खर्ज तरीही बोदा वाटेल. तिथे सतारीच्या सॅम्पलची हलकी छेड सोबत दिली तर थोडी धार परत येते.

तबल्याचा हिशोब सोपा. ‘ना’ पाव सेकंद १६,०००ला: २,२५० बाइट. ‘तिं’ ०.३५ सेकंद: ३,१५०. ‘गे’ अर्धा सेकंद ८,०००ला: २,२५०. ‘धा’ आणि ‘धिं’ वेगळे घेऊच नका: ना आणि गे एकदम म्हणजे धा, तिं आणि गे एकदम म्हणजे धिं. एका चॅनेलवर दायां, दुसऱ्यावर बायां. खालीत, म्हणजे ‘धा’नंतरच्या ‘तिं तिं ता’ आणि पुढच्या ‘ता’ला, बायां गप्प ठेवला की अख्खा तीनताल पावणेआठ हजार बाइटच्या आत. ‘गे’ला पिच स्लाइड (सूर सरकवणं) दिली तर बायांची मींडही येते.

चॅनेल: तानपुऱ्याला ३ द्या. दोनमध्ये मागची छेड मध्येच तुटते आणि ठिगळ ऐकू येतं. तबल्याला २, सतारीला १, चिकारीला १, एक मोकळा. सतारीची मींड पिच स्लाइडने घ्या आणि दुसऱ्या स्वरावर नोट पुन्हा सुरू करू नका, नाहीतर प्रत्येक स्वराला नखी लागल्यासारखं होतं.

जिवाजीगंज

ॲनिमेबद्दल एक दुरुस्ती. ते गेम सोडून तिकडे गेलेलेच नाहीत, दोन्ही सोबत चालू आहे. इनाझुमा इलेव्हनचा गेमही त्यांचा आणि २००८ पासूनची मालिकाही त्यांचीच. नंतर ब्लॅक बटलरची २०१४ची ‘बुक ऑफ सर्कस’ मालिका आणि २०१७चा ‘बुक ऑफ द अटलांटिक’ हा चित्रपट.

श्रोत्यांना हे सांगा की जपानी टीव्ही मालिकेत संगीत बहुधा चित्र पाहून होत नाही. आधी यादी येते: दैनंदिन, ताण, पाठलाग, निरोप, असे क्रमांक लावलेले तुकडे. ते एकगठ्ठा ध्वनिमुद्रित होतात आणि कुठला कुठे लावायचा हे ध्वनी-दिग्दर्शकाकडचे लोक ठरवतात. म्हणून तुकडा कुठेही कापला तरी चालला पाहिजे. चित्रपटात मात्र दृश्याच्या लांबीला बांधून लिहितात. गेमची अडचण तिसरीच: खेळणारा त्या गावात अर्धा मिनिट थांबेल की पाऊण तास, संगीतकाराला माहीत नसतं. आवर्तनाच्या शेवटून समेवर येणं जितकं स्वाभाविक, तितकी लूपची (पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तुकड्याची) जोडणी व्हावी लागते, आणि ते कौशल्य मित्सुदांच्या १९९५च्या कामातच पक्कं दिसतं. ब्लॅक बटलरमधला एक तुकडा आणि क्रोनो ट्रिगरमधला एक, दोन्ही सलग दोन वेळा वाजवा. फरक कानाला लगेच कळतो.

लष्कर_सतार

सर्वांचे आभार. काल रात्री सतारीच्या सॅम्पलला लूप लावला. दर फेरीला ‘टक’ येतो, आणि फर्नेसमध्ये घेतल्यावर सूर किंचित चढलाय. दोन्हीचं कारण एकच का?

स्वर_आणि_बाइट

हो, एकच. लूपची सुरुवात आणि लांबी १६च्या पटीत हवी, कारण चिप १६-१६ नमुन्यांचे ठोकळेच वाचते. पटीत नसेल तर काही साधनं सॅम्पल ताणून किंवा आवळून पटीत बसवतात. आवळलं की सूर चढतो. बसवलंच नाही तर टक येतो.

उलट्या बाजूने करा. लूपमध्ये स्वराची पूर्ण आवर्तनं यायला हवीत, म्हणून सॅम्पल आधी अशा सुरात आणा की एक आवर्तन ६४ नमुन्यांचं होईल: १६,००० हर्ट्झला तो स्वर २५० हर्ट्झ. मग एका आवर्तनाचा लूप ४ ठोकळ्यांत, ३६ बाइटमध्ये बसतो. इतका छोटा लूप मात्र हार्मोनियमच्या भात्यासारखा सपाट वाजतो; ८ किंवा १६ आवर्तनं घ्या, छेडीची सुरुवात पूर्ण ठेवा आणि लूप आवाज स्थिर झाल्यावरच सुरू करा. नंतर ट्रॅकरमध्ये तुमच्या काळी एकला मिळवा.

इकोचा फीडबॅकही (प्रतिध्वनी पुन्हा इकोत सोडणं) जपून. जास्त झाला तर आवाज विरण्याऐवजी वाढत जाऊन किंचाळतो.

दौलतगंज_२४

मूळ चालीतले आठ आवाज एकेक बंद करून दाखवायचे असतील तर एसपीसी फाइल (या चिपचं संगीत साठवलेली) वाजवणाऱ्या प्लेअरमध्ये चॅनेल म्यूट असतात. व्हीजीएमट्रान्स हा प्रोग्रॅम स्क्वेअरच्या त्या काळच्या फाइलींची मिडी (नुसती स्वरांची नोंद) काढून देतो, पण चिपचा इको त्यात येत नाही. ती कोरडी मिडी ‘हाच मूळ आवाज’ म्हणून ऐकवू नका.

आणि मंडळाच्या हॉलचा स्पीकर मोनो आहे का ते आदल्या दिवशी पाहा. या चिपवर डाव्या-उजव्या आवाजाची पातळी ऋण करता येते, आणि सराउंडसारखा भास यावा म्हणून काही खेळांत एक बाजू उलट्या फेजमध्ये (लाट उलटी करून) ठेवलेली असते. अशा वेळी डावं-उजवं एकत्र केलं की तो आवाज किंवा इको जवळजवळ नाहीसाच होतो. स्टिरिओ जोडणी जमत नसेल तर मिक्सरवर दोन्ही बाजू मिळवण्याऐवजी नुसती डावी बाजू सोडा.