मालिका बंद, बातम्या चालू: तुमचे अनुभव लिहा

परवा, १५ जानेवारी २०२६ ला, महापालिकेचं मत देऊन शाळेच्या फाटकाशी उभी होते. शेजारच्या काकू बोटावर फुंकर मारत म्हणाल्या, "काय गं, मागच्या वेळचा आपला नगरसेवक कोण होता?" मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. २०१७ च्या फेब्रुवारीत आम्ही पुणेकरांनी प्रत्येकी चार मतं दिली होती. चारातलं एक नाव आठवेल तर शपथ. आणि २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेचे फुटलेले आमदार आधी सुरतेला गेले, मग गुवाहाटीला, हॉटेलच्या दारात पोलीस कसे उभे होते, हे मला झोपेतून उठवून विचारा. त्यातल्या शहाजीबापूंची झाडी, डोंगर आणि हाटील तर तोंडपाठ.

मी मूळची मालिका बघणारी. साडेसातला गॅस बारीक करून सोफ्यावर, हा वीस वर्षांचा नेम. तो मोडला २०१९ च्या नोव्हेंबरात. त्या दिवसाचंच आधी सांगते.

२३ नोव्हेंबर, शनिवार. चहा घेत पेपर वाचत होते. पहिल्या पानावर ठसठशीत बातमी, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार. हॉलमधून ह्यांचा आवाज, "फडणवीसांचा शपथविधी चाललाय." मी म्हटलं, जुनं दाखवत असतील, २०१४ चं. "अगं, शेजारी अजित पवार उभे आहेत!" मी एका हातात पेपर घेऊन टीव्हीसमोर. छापलेलं एक, दिसतंय दुसरं. सासूबाईंनी दोन्हीकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आजच्या पेपरचे पैसे कापून घे."

ते सरकार चार दिवसही टिकलं नाही. पण आमच्या घरात मालिकेची वेळ गेली ती गेलीच.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. तेव्हा कुठे होतात, हातात काय होतं, घरातलं कोण काय म्हणालं. अट एकच: मत कोणाला दिलं ते सांगायचं नाही. ती भांडणं जेवणाच्या टेबलावर करा.

सातारा जिल्ह्यातून, शेती

१८ ऑक्टोबर २०१९ ला मी साताऱ्यात होतो, पण सभेला म्हणून गेलो नव्हतो. ट्रॅक्टरचा एक पार्ट मिळत नव्हता, त्यासाठी गेलेलो. पार्ट काही मिळाला नाही, म्हटलं आलोच आहे तर पवारसाहेबांना ऐकून जाऊ. लोकसभेची पोटनिवडणूक होती, विधानसभेबरोबरच. पाऊस आला तशी माणसं उठायला लागली. मीही उठलो. स्टेजवर बघतो तर म्हातारा माणूस भिजत बोलतोय. मग जायची लाज वाटली. पुढच्यानं खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली, त्याचं बघून मीही घेतली. खुर्चीच्या पायावरून पाणी थेट माझ्या कॉलरमध्ये.

मी त्या पक्षाचा नव्हे, आजही नाही. पण गंमत पुढं आहे. खिशातला मोबाईल भिजून बंद पडला. जे गावात कोरडे बसले होते त्या सगळ्यांच्या स्टेटसला दुसऱ्या दिवशी व्हिडिओ. आणि मी सांगतोय की मी तिथं होतो, तर चुलतभाऊ म्हणतो, "फोटो दाखव." आजतागायत त्याला पटलेलं नाही.

नाटकाची प्रकाशयोजना सांभाळणारा

२९ जून २०२२, बुधवार. एका संस्थेने सभासदांसाठी ठेवलेला प्रयोग. पहिला अंक छान गेला. मध्यंतरात मी बटाटेवडा घ्यायला बाहेर आलो तर वड्यापाशी कोणीच नाही. सगळे माना खाली घालून, फोनमध्ये. उद्धव ठाकरेंचं फेसबुक लाइव्ह चाललेलं. राजीनामा दिला म्हणाले. घंटा दिली, कोणी हलेना. पुन्हा दिली. शेवटी व्यवस्थापक स्वतः बाहेर येऊन म्हणाले, "मंडळी, आत पण एक नाटक आहे."

दुसऱ्या अंकात आमच्या नटाला कोणीतरी विचारतं, "आता घर कोण सांभाळणार?" लेखकाने लिहिलेलं उत्तर सोडून तो म्हणाला, "थांब, अजून गुवाहाटीहून फोन आला नाही." नाट्यगृह कोसळलं. मूळ वाक्याला इतकी वर्षं जेमतेम खसखस पिकायची. लेखक त्या दिवशी पाचव्या रांगेत होते. प्रयोगानंतर चहालाही थांबले नाहीत.

नाव नको

मी दोन्ही वेळा झोपलो होतो. रात्रपाळी. उठलो की बायको सांगते, सरकार बदललं, दूध आण.

वऱ्हाडातून

२ जुलै २०२३, रविवार. पेरणीची घाई. बाबा वावरातून आले तं टीव्हीवर शपथविधी सुरू. पाय न धुता दारातच उभे. म्हने, "हे आजचं हाये का जुनं?" म्या म्हनलं, आजचंच हाये, अजित पवार सरकारात गेले. बाबा म्हने, "मंग आज कायले पाहू, उद्याचंच पाहतो." अन् गेले पाय धुवाले.

तालुका वार्ताहर, पंधरा वर्षं

ताई, तुमचा प्रश्न हसण्यावारी घेतला नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

२०२२ च्या त्या जूनमध्ये माझी एक बातमी होती. पाण्याच्या टाकीला तडा, खालून गळती, शेजारी अंगणवाडी. दोन दिवस फिरून केलेली. फोटो होते, अभियंत्याचं म्हणणं होतं. डेस्कवरून फोन आला, "पान गुवाहाटीला गेलंय, चार ओळीत दे." चार ओळीत दिली. सकाळी बघतो तर त्याही नाहीत. आमच्या भाषेत बातमी पडली. डेस्कला दोष देत नाही, त्यांनाही वाचकांचंच बघावं लागतं आणि वाचक तेव्हा हॉटेलची झाडी बघत होता. गावात मला चार माणसं भेटली, चौघांनीही विचारलं, "काय पत्रकार, सरकार पडणार का?" टाकीचं एकानंही विचारलं नाही. त्यातला एक तर अंगणवाडीच्या गल्लीतच राहतो.

पण खरं नुकसान बातमी पडण्याचं नाही, बातमी निर्माणच न होण्याचं झालं. आमच्या नगरपालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसले. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात, निवडणूक लांबत गेली. मुंबई-पुण्याला २०२२ च्या मार्चपासून प्रशासक, नवी मुंबई आणि कोल्हापूरला तर २०२० पासून. न्यायालयानं २०२५ च्या मे महिन्यात घ्याच म्हटलं तेव्हा कुठे गाडी हलली.

पूर्वी सर्वसाधारण सभा असली की मी डबा घेऊन जायचो. विरोधक माईक ओढायचे, सत्ताधारी आयत्या वेळचे विषय घुसडायचे, एखादी नगरसेविका रिकामी घागर घेऊन थेट अध्यक्षांच्या समोर. एका सभेतून पाच बातम्या. कोणत्या ठेक्यात पाणी मुरतंय ते भांडणातूनच बाहेर पडायचं, कारण एकाला वाटा मिळालेला नसायचा. प्रशासक आल्यावर ठराव तेच करणार, मंजूरही तेच करणार. सूचक नाही, अनुमोदक नाही, एका खोलीत एक सही. साहेब माणूस म्हणून चांगले होते हो. पण त्या खोलीत भांडायला कोणी नव्हतं, आणि भांडण नाही तर मी लिहू काय? कार्यालयातून प्रेसनोट यायची, तीच जशीच्या तशी लावायची. तीन-चार वर्षं मी पत्रकार कमी आणि पोस्टमन जास्त होतो.

लोकांना सत्तेचा खेळ बघायचा होता, तो वरच्या मजल्यावर फुकट चालू होता. खालच्या मजल्याला कुलूप आहे हे ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही, कारण मी पण मोबाईलवर गुवाहाटीच बघत होतो.

(धागा काढणारी)

दादा, टाकीचं पुढे काय झालं?

तालुका वार्ताहर

बाहेरून प्लॅस्टर केलं, वर रंग दिला. निळा. आता गळती दिसत नाही.

एमपीएससी करणारी

मला इथला सूर थोडा खटकतोय. करमणूक करमणूक म्हणून सगळे नाकं मुरडताहेत. माझे आजोबा सातवी शिकलेले. त्यांनी २०२२ मध्ये मला विचारलं, "प्रतोद म्हणजे काय गं?" मग व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश, मग पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची, मग विधानसभा अध्यक्षांचे अधिकार. शिवसेनेच्या ५५ आमदारांचे दोन तृतीयांश ३७, हा हिशेब त्यांनी पंचांगाच्या मागे मांडला होता. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा सकाळपासून अंघोळ करून बसले होते. मालिकेतल्या सुनेच्या भानगडीपेक्षा हे बरं नाही का? क्लासमध्ये मी ज्या गोष्टी पाठ करत होते त्या आजोबा गोष्टीसारख्या सांगायचे.

वार्ताहर दादांचं मात्र पटलं. आजोबांना राज्यपालांचे अधिकार पाठ आहेत, आमच्या जिल्हा परिषद गटाचं नाव मात्र मलाच सांगावं लागतं.

प्राथमिक शिक्षिका, नेहमीची निवडणूक ड्युटी

आमच्या नगरपरिषदेला २ डिसेंबर २०२५ ला मतदान होतं. नगराध्यक्षाचं एक मत आणि प्रभागाची दोन, अशी तीन बटणं. सगळी दाबल्याशिवाय यंत्राची लांब शिट्टी वाजत नाही. एक आजी आल्या. एक बटण दाबलं आणि निघाल्या.

"आजी, अजून दोन राहिलीत!"

"एकदा दिलं ना. किती वेळा द्यायचं त्याच माणसाला?"

परत आत पाठवलं. आडोशामागून आवाज, "बाई, ह्यातलं आपलं चिन्ह कोणतं?" आता मी काय सांगू? सांगितलं तर माझी नोकरी जाईल. म्हटलं, आजी, तुमचं तुम्हाला माहीत. त्या म्हणाल्या, "माझं मला माहीत होतं गं. त्यांनीच वाटून घेतलं." मागच्या रांगेत सगळ्याच पक्षांचे लोक होते. सगळे हसले, पण लगेच गप्पही झाले.

मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची ती न्यायालयाच्या आदेशाने २१ डिसेंबरवर गेली. यंत्रं ठेवलेल्या गोदामासमोर कार्यकर्त्यांनी तंबू ठोकला. थंडीत शेकोटी, पत्ते, पोहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून विरोधी उमेदवारांची माणसं एकाच शेकोटीला बसायला लागली, कारण लाकडं एकाचीच होती.

नवी मुंबईकर

माझ्या मुलाला अठरा पूर्ण होऊन साडेचार वर्षं झाली. लोकसभेला मत दिलं, विधानसभेला दिलं. नगरसेवकासाठी परवा पहिल्यांदा. मला विचारतो, "बाबा, हे काय काम करतात?" मी गटार, दिवे, बाग असं सांगत होतो. तो म्हणाला, "मग इतकी वर्षं ते कोण करत होतं?"

त्याला उत्तर देताना मलाच अडखळायला झालं.

(धागा काढणारी)

सगळ्यांना एकेक निवांत उत्तर देते. आधी एक सांगायचं राहील.

आत्ता काकू येऊन गेल्या. जुनी कागदपत्रं चाळताना त्यांना २०१७ चं एक पत्रक सापडलं, उमेदवारांच्या फोटोंसकट. चौघांतला एक चेहरा बघून आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. गेल्या आठवड्यात हाच माणूस दाराशी उभा होता. गळ्यात वेगळा गमछा, हातात वेगळं चिन्ह. मी त्याला पाणी दिलं आणि विचारलंसुद्धा, "तुम्ही नवीन का?" तो हसून "हो ताई" म्हणाला.

पुढचं लिहिलं तर अट माझीच मोडेल.