मदत हवी आहे : पंचेचाळिशीनंतर कशातच मन लागत नाहीये

नमस्कार मंडळी, वय ४६, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला चिंचवड. तसं बघायला गेलं तर सगळं ठीक चाललंय, होमलोनचे हप्ते वेळेवर जातात, मुलगी बारावीला, तिचं नीटचं चालू, गावी वडिलांचं डायलिसिस, भाऊ बघतो पण पैशाचं माझ्याकडे, आणि ऑफिसात माझ्यापेक्षा बराच लहान पोरगा आता साहेब झालाय, चांगला आहे हो पोरगा, राग त्याच्यावर नाहीये. प्रॉब्लेम असा की संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी बंद करून तसाच बसून राहतो, वर घरी जावंसंच वाटत नाही. रात्री तीनला जाग येते ती येतेच. मध्येच वाटतं नोकरी सोडून शेती करावी, बायको म्हणते आधी दोन गुंठे खुरपून दाखवा. थायरॉईड, बी१२, शुगर सगळं नॉर्मल.

मानसिक त्रासासाठी सरकारी टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, तर कुणी फोन केलाय का तिथे? पिंपरी-चिंचवडमध्ये रविवारी भेटणारे कौन्सेलर माहीत असतील तर सांगा, फी साधारण किती घेतात तेही. आणि ऑफिसच्या मेडिक्लेममधून केलं तर एचआरला कळतं का?

योगा करा, पॉझिटिव्ह राहा हे प्लीज नको, मेव्हण्याने सांगून झालंय.