मदत हवी आहे: ब्लेफॅरिस्मा कशाने मरतात, दिव्याच्या उष्णतेने की स्वतःच्या रंगाने?

डबक्याच्या पाण्यात ब्लेफॅरिस्मा हे एकपेशी जीव भरपूर सापडले आहेत. मंद उजेडात गुलाबी, लांबट पेशी निवांत पोहतात. सूक्ष्मदर्शकाचा दिवा वाढवला की आधी दचकून मागे सरकतात, मग फुगून गोल होतात आणि शेवटी आवरण फाटून आतलं सगळं बाहेर सांडतं. बघवत नाही. त्याच थेंबातले पॅरामेशियम बराच वेळ धडधाकट असतात, पण हळूहळू तेही मंदावतात.

वाचलं ते असं: गुलाबी रंग ब्लेफॅरिस्मिनचा, तो आवरणाखाली बारीक कणांच्या रांगांत असतो. रचनेने तो हायपेरिसिनचा नातेवाईक, म्हणजे ज्या वनस्पतीमुळे उन्हात चरणाऱ्या मेंढ्यांची कातडी भाजते तिच्यातल्या द्रव्याचा. उजेड शोषून तो ऑक्सिजनला आक्रमक रूप देतो आणि पेशीची पटलं जळतात. हे पटतं. पण माझ्यासमोर घडतंय ते हेच, हे ताडून कसं बघू? आणि असलं विष जवळ बाळगून या जिवाला मिळतं काय?

उत्तर:
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. डायलेप्टससारखा शिकारी भिडला की ब्लेफॅरिस्मा हे द्रव्य बाहेर सोडतो आणि शिकारी माघार घेतो. यासाठी उजेड लागत नाही, ब्लेफॅरिस्मिन अंधारातही विषारी आहे. उजेडाचा धोका ही त्या शस्त्राची किंमत, असं मला वाटतं. म्हणून तर तो उजेडापासून पळतो.

आता उष्णता. दिव्यासमोर गडद लाल फिल्टर धरा. ब्लेफॅरिस्मिन मुख्यतः हिरवा-पिवळा प्रकाश शोषतं, गडद लाल जवळजवळ नाही. तेवढ्याच प्रखर लाल उजेडात पेशी तगल्या तर उष्णतेचा संशय बराचसा मिटला. (स्टेंटॉर या दुसऱ्या एकपेशी जिवावर हीच युक्ती करू नका, त्याचा निळा-हिरवा रंग लाल प्रकाशही शोषतो.) दुसरी खात्री अशी की काही पेशी बरेच दिवस मंद उजेडात ठेवून फिकट होऊ द्या. रंग कमी, तर मरणही कमी दिसायला हवं.

ऑस्कर राबने 1900 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगही याच धर्तीचा होता. अ‍ॅक्रिडीन हे उजेड शोषणारं द्रव्य घातलेल्या पाण्यात पॅरामेशियम उजेडात मरत, अंधारात बराच काळ जगत. तुम्हीही एक थेंब अंधारात ठेवाच.

आणि पॅरामेशियम वेगळ्या थेंबात घ्या. फुटलेल्या ब्लेफॅरिस्मातून सांडलेलं द्रव्य त्यांनाही बाधू शकतं. तुमचे पॅरामेशियम मंदावतात ते त्यामुळे की दिव्यामुळे, हे एकाच थेंबात कधीच कळणार नाही.