मदत हवी आहे: 'अ बग्ज लाइफ' अर्ध्यात बंद केला, लेक कुंडीतल्या दगडाला पाणी घालतेय

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. ज्यांनी 'अ बग्ज लाइफ' पाहिलाय, त्यातही लहान मुलांना सोबत घेऊन पाहिलाय, त्यांचं मत हवं आहे.

माझी लेक साडेचार वर्षांची. मुंग्यांचं तिला भारी वेड. ओट्यावर साखर सांडली तर पुसू देत नाही, "थांब ना, त्यांचं जेवण चाललंय" म्हणते. म्हणून गेल्या रविवारी पिक्सारचा हा १९९८चा अ‍ॅनिमेशन सिनेमा लावला. मी तो फार वर्षांपूर्वी पाहिला होता. आठवत होते ते फक्त रंग आणि ती सारखी खाखा करणारी गुबगुबीत अळी, हाइमलिश. अमेरिकेत त्याला सगळ्या वयांसाठीचं 'जी' प्रमाणपत्र आहे, त्यामुळे मी निर्धास्त होते.

सुरुवात तिला फार आवडली. गवताच्या पात्यातून आरपार येणारं ऊन बघायला ती उठून टीव्हीला नाक लावून उभी राहिली. मग मुंग्यांकडून धान्य उकळणारे टोळ आले. वारुळाचं छत फोडून आत घुसतात, त्यांचा म्होरक्या हॉपर मुंग्यांच्या छोट्या राजकन्येला, डॉटला, उचलतो आणि थंपर नावाच्या पिसाळलेल्या टोळाच्या तोंडापुढे धरतो. लेक रडली नाही. माझ्या कुशीत तोंड खुपसलं आणि म्हणाली, "बंद कर." केला बंद.

खरी अडचण त्यानंतरची आहे. टोळ येण्याआधी एक प्रसंग आहे. डॉटला आपण फार लहान आहोत याचं वाईट वाटत असतं, तेव्हा फ्लिक, म्हणजे सिनेमाचा नायक मुंगी, तिला एक दगड देतो आणि म्हणतो, हे बी आहे असं समज. बीमध्ये आख्खं झाड असतं, फक्त वेळ द्यावा लागतो, असं काहीसं. सोमवारी सकाळी पाहते तर मोगऱ्याच्या कुंडीत एक करडा खडा अर्धा पुरलेला, आणि ही वाटीवाटीने पाणी घालतेय. रोज शाळेला निघताना बोटाने माती बाजूला करून बघते, मग परत झाकते. आज पाच दिवस झाले. हिच्या बाबांचं म्हणणं, सरळ सांगून टाक. आजी म्हणतात, रात्री त्याखाली मूग पेर, मोड येतील, पोर खूश होईल. मला दोन्ही पटत नाहीये.

उरलेला सिनेमा दाखवू का? की त्याच वर्षी आलेला मुंग्यांचाच 'अँट्झ' लावू? आणि दगडाचं काय करू?

पिंपळपान

'अँट्झ' अजिबात नको, ताई. तो ऑक्टोबर १९९८चा आणि हा नोव्हेंबरचा, दोन्हींत चाकोरी न मानणारी मुंगी आणि राजकन्या, त्यामुळे लोक एकाच पंगतीत बसवतात. पण 'अँट्झ'मध्ये वाळवीशी मोठी लढाई आहे, आणि ती संपल्यावर एका सैनिकाचं नुसतं तुटलेलं डोकं बोलत राहतं. मला स्वतःला ते बघवलं नव्हतं. रंगही सगळे मातकट, जमिनीखालचे. मोठ्यांसाठी चांगला सिनेमा आहे. दिवसभर एकच काम करणाऱ्या माणसाची घुसमट त्यात नीट पकडली आहे. साडेचार वर्षांच्या मुलीला त्याचं काय?

गवताबद्दल लिहिलंत म्हणून सांगतो. मुंगीच्या उंचीवरून जग कसं दिसतं हे कळावं म्हणून पिक्सारच्या मंडळींनी एका चिमुकल्या कॅमेऱ्याला लेगोची चाकं लावून तो गवतात फिरवला होता. पाती वरून हिरवी दिसतात, खालून उजेडाने भरलेली. तुमच्या लेकीने नेमकं तेच टिपलं.

कंदील

माझं मत वेगळं. वर्षभर थांबा. हॉपर हा नुसता आरडाओरडा करणारा खलनायक नाही, तो हिशोबी आहे. मध्ये एक प्रसंग आहे, त्याचे साथीदार म्हणतात कशाला परत जायचं, एक मुंगी उलटून बोलली तर काय बिघडलं? तो बाटलीतला एक दाणा फेकून मारतो, लागलं का विचारतो. मग आख्खी बाटली रिती करतो आणि ते दाण्यांखाली गाडले जातात. म्हणतो, मुंग्या आपल्यापेक्षा शंभरपट आहेत, हे त्यांना कळलं तर आपलं खाणंपिणं संपलं. इतक्या कमी शब्दांत दहशतीचा हिशोब मांडलेला मी मुलांच्या सिनेमात दुसरीकडे पाहिला नाही. पण हे समजायला वय हवं. शिवाय फ्लिकने योद्धे समजून आणलेले सर्कशीतले किडे वारुळात आल्यावर गोष्ट थोडी रेंगाळते. आधी 'टॉय स्टोरी' दाखवा.

माळरान

आमच्याकडे शेती आहे, म्हणून थोडं किड्यांकडून लिहितो. राणीच्या कडेवर कुत्र्यासारखा एक हिरवा जीव असतो ना, तो मावा. मिरचीवर, वालावर पडतो तोच. मुंग्या त्याला खरंच सांभाळतात. तो रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. ज्याच्यापासून राखण करतात त्यात ढालकिडा (लेडीबग) पहिला, म्हणजे सिनेमातला तो सारखा चिडणारा फ्रान्सिस. शेतात ढालकिडा दिसला की आम्हाला बरं वाटतं, तो मावा फस्त करतो.

लेक पाय मोजायला लागली तर तयारीत राहा. यातल्या मुंग्यांना दोन हात, दोन पाय, 'अँट्झ'मधल्यांना सहा. आणि खऱ्या वारुळात कामाला राबणाऱ्या सगळ्या माद्याच असतात. फ्लिकचं काम खरं तर कुणा फ्लिकाबाईचं. दगडाखाली मूग मात्र पेरू नका.

निशिगंध

चैत्रपालवी, तुम्ही चुकीच्या जागी थांबलात. म्हणजे थांबणं बरोबरच होतं, पण तिच्यासाठी त्या सिनेमात जे आहे ते सगळं पुढे आहे.

तो दगड परत येतो. फ्लिकचं खोटं उघडं पडतं, योद्धे म्हणून आणलेले सर्कशीतले निघतात, त्याला हाकलून देतात. तो पार खचलेला असताना डॉट त्याला गाठते. तोवर तिला उडता यायला लागलेलं असतं. काही समजावून सांगत नाही, फक्त एक दगड आणून देते आणि बी आहे असं समज म्हणते. सोबतच्या किड्यांना काही कळत नाही, त्या दोघांना कळतं. मी दर वेळी रडते.

दुसरं, ज्या थंपरला ती घाबरली त्याला शेवटी डॉटच दटावून घरी पाठवते, मागे डिम नावाचा गेंड्याभुंगा उभा असतो. तिने हे बघितलं नाही तर तिच्या डोक्यात थंपर तोंड उघडूनच उभा राहील.

सावध राहायच्या जागा तीन. खरा पक्षी डॉटच्या मागे लागतो ती, हॉपरच्या हुकमावरून फ्लिकला बेदम मार बसतो ती, आणि अगदी शेवटी हॉपर पक्ष्याच्या पिल्लांच्या तोंडी जातो ती. दिवसा बघा, दिवा लावून, आणि आधीच सांगा की दगड परत येणार आहे. मुलांना पुढचं माहीत असलेलं आवडतं.

चैत्रपालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. कंदील, तुमचं पटत होतं, पण निशिगंध यांनी लिहिलेलं वाचून तिलाच विचारलं, "डॉट पुढे उडते, बघायचंय?" हो म्हणाली. आज सकाळी अकराला, पडदे उघडे ठेवून बसलो.

पक्ष्याच्या वेळी माझा हात घट्ट धरला, पण बंद कर म्हणाली नाही. डॉटने फ्लिकला दगड दिला तेव्हा ही उठली, गॅलरीत गेली आणि कुंडीतला खडा उपसून घेऊन आली. माती गळत होती, मी काही बोलले नाही. शेवटपर्यंत तो मुठीत होता. थंपर पळाला तेव्हा सोफ्यावर उभी राहून "जा घरी!" ओरडली, दोनदा. हॉपरच्या शेवटाची मला धास्ती होती. तिने एवढंच विचारलं, "पिल्लांना भूक लागली होती का?"

दुपारी बाबांची पाठ दुखत होती, ते आडवे झाले होते. त्यांच्या उशाशी खडा ठेवून आली. धुतलासुद्धा नव्हता. आता त्यांनी तो कुठे ठेवायचा यावर घरात चर्चा चालू आहे.

माळरान, एक विचारायचं होतं. तिला मावा बघायचाय, मुंग्या राखण करत असताना. शहरात कुठल्या झाडावर शोधू? खाली सोसायटीत जास्वंद आणि शेवगा आहे.

माळरान

जास्वंदीचे कोवळे शेंडे बघा, पानाची खालची बाजू. मुंग्यांची रांग खोडावरून वर चढताना दिसली की तिच्या मागोमाग नजर न्या. नाही मिळाला तर कुंडीत वालाचे चार दाणे लावा, वेल वाढला की त्याच्या शेंड्यावर मावा बहुतेक येतोच. भिंग असेल तर सोबत न्या.