खुब्याचा कृत्रिम सांधा किती वर्षं टिकतो? बहिणीसाठी सल्ला हवा आहे

केतकीबन
माझ्या मोठ्या बहिणीला (वय ४८) उजव्या खुब्यात एव्हीएन आहे, म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाड मरतंय. मांडीच्या हाडाचा गोळा खचलाय, म्हणून डॉक्टर सांधा बदलायला सांगताहेत. घरात मात्र सगळ्यांचं एकच पालुपद: "पंधरा वर्षंच टिकतो, मग पुन्हा ऑपरेशन. जमेल तितकं पुढे ढकल." ती आता काठीशिवाय चालू शकत नाही, रात्री कूस बदलताना कळवळून उठते. सांधे खरंच किती टिकतात? आणि सिरॅमिक, धातू, प्लास्टिक यातलं काय घ्यावं? अनुभवी आणि जाणकार मंडळींनी कृपया लिहा.

रानवाट
माझाही सांधा पन्नाशीच्या आतच बदलला, कारण हेच. ढकलत राहण्यात काय जातं ते आधी ऐक. लंगडत चालून मांडीचे स्नायू सुकतात, कंबर आणि दुसरा गुडघा धरतो, आणि ऑपरेशननंतर तेच स्नायू परत मिळवायला सगळ्यात जास्त घाम गाळावा लागतो. वेदनेने झोप जात असेल तर ताईला वर्षांच्या हिशोबात अडकवू नका.

सुकाणू
मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, जरा सविस्तर लिहितो.

'पंधरा वर्षं' हा आकडा जुना झाला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींवरून काढलेला अंदाज आला: १०० पैकी साधारण ८९ सांधे १५ वर्षं, ७० सांधे २० वर्षं आणि ५८ सांधे २५ वर्षं टिकतात. यात एक गोष्ट लोक विसरतात. त्या अंदाजात २५ वर्षं पूर्ण केलेला सांधा जुन्या काळच्या प्लास्टिकचा होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन हे नवं प्लास्टिक वापरात आलं. त्याची झीज जुन्याच्या मानाने फारच कमी आहे, त्यामुळे आज बसवलेल्या सांध्याकडून जास्त अपेक्षा ठेवायला जागा आहे.

पण वयाचा मुद्दा खरा आहे. सत्तरीनंतर सांधा बदलला तर उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांमध्ये ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते, बायकांमध्ये त्याहून कमी. तरुण माणूस जास्त चालतो आणि जास्त जगतो. झीज कॅलेंडरवर कमी आणि पावलांवर जास्त ठरते.

आता काय घ्यावं. या वयाला मी सिरॅमिकचा बॉल आणि क्रॉसलिंक्ड लायनर (वाटीच्या आतलं अस्तर) सुचवेन, वाटी आणि स्टेम (मांडीच्या हाडात बसणारा दांडा) सिमेंटशिवाय, म्हणजे हाड त्यांच्या खडबडीत पृष्ठभागाला धरून वाढतं. सिरॅमिकवर सिरॅमिकची झीज सर्वांत कमी, पण काही जणांना चालताना करकर आवाज येतो, आणि क्वचित सिरॅमिक फुटलं तर त्याचे कण सांधाभर पसरतात. तिथे नंतर धातूचा बॉल बसवता येत नाही, ते कण त्याला घासून टाकतात. धातूच्या वाटीत धातूचा मोठा बॉल मात्र नकोच. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरतं, आजूबाजूचे स्नायू कुजतात. दिप्यू कंपनीचा एएसआर सांधा याच प्रकारातला, २०१० मध्ये तो जगभरातून परत मागवावा लागला.

केतकीबन
मनापासून आभार. पण सांधा झिजतोय हे ताईला कळणार कसं? दुखायला लागेल का?

सुकाणू
हाच प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. बहुतेकदा दुखत नाही. शरीरातल्या पेशी प्लास्टिकचे सूक्ष्म कण गिळतात, त्या प्रक्रियेत सांध्याभोवतीचं हाड हळूहळू खाल्लं जातं आणि माणूस मजेत चालत असतो. दुखायला लागतं तेव्हा वाटी किंवा स्टेम हलायला लागलेलं असतं. एक्स-रेमध्ये मात्र आधीच दिसतं: बॉल वाटीच्या मधोमध न राहता वरच्या बाजूला सरकलेला असतो. अशा वेळी वाटी घट्ट असेल तर फक्त लायनर आणि बॉल बदलून भागतं. उशीर झाला तर हाड भरावं लागतं, मोठी वाटी लागते, आणि तो दुसरा सांधा पहिल्याइतका टिकत नाही. म्हणून सर्जन सांगतील त्या तारखांना एक्स-रे काढाच, काही होत नसलं तरी.

झीज सोडून सांधा जातो तो जंतुसंसर्गाने, निखळल्याने किंवा पडून स्टेमभोवतीचं हाड मोडल्याने. दाढेत पू झाला, लघवीला जळजळ झाली तर अंगावर काढू नका.

रानवाट
एक जोड देते. ऑपरेशनच्या वेळी प्रत्येक भागाच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवतात: कंपनी, मॉडेल, साइज, लॉट नंबर. माझ्या फाइलमध्ये वाटी, लायनर, बॉल, स्टेम असे चार आहेत. त्यांचा स्पष्ट फोटो काढून घरात दोघांकडे ठेवा. पुढे फक्त लायनर बदलायचा झाला तर त्याच वाटीत बसणारा लायनर लागतो, आणि तेव्हाच्या सर्जनला हाच कागद हवा असतो.

सुकाणू
अगदी बरोबर. केतकी, आणखी एक: एव्हीएन बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असतो. डाव्या खुब्याचा एमआरआय झाला आहे का? तिथे गोळा अजून खचला नसेल तर हाडाला छिद्र पाडून दाब कमी करण्याचा लहान उपाय करता येऊ शकतो.

केतकीबन
रिपोर्टमध्ये फक्त उजव्याबद्दल लिहिलंय. डाव्याचं ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच डॉक्टरांना विचारते.