चाळीचे जुने सिमेंटचे पत्रे ग्राइंडरने कापतायत, ती धूळ किती धोक्याची?

भांडुपची_मेघा:
नमस्कार, आमच्या चाळीचे जुने सिमेंटचे पत्रे पावसाआधी बदलायचं काम चालू झालंय. माझा लहान भाऊ त्याच कंत्राटदाराकडे आहे. पोरं वर बसून गंजलेले हूक आणि पत्र्याच्या कडा ग्राइंडरने कापतात, पांढरी धूळ अंगभर, तोंडाला फक्त रुमाल. कंत्राटदार म्हणतो सिमेंटचीच धूळ आहे, काही होत नाही. मी कुठेतरी ॲसबेस्टॉसचं वाचलं आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज.

सेफ्टीवाला_ठाणे:
ताई, जुना नागमोडी सिमेंटचा पत्रा म्हणजे ॲसबेस्टॉस धरूनच चाला. त्यात साधारण दहावा हिस्सा पांढरं ॲसबेस्टॉस म्हणजे क्रायसोटाइल, बारीक तंतूंचं खनिज, असतं, बाकी सिमेंट. पत्रा अख्खा आहे तोवर तंतू सिमेंटमध्ये पकडलेले राहतात, पण आपल्याकडचे इतके पावसाळे खाल्ले की वरचं सिमेंट झिजतं आणि तंतू उघडे पडतात, त्यात ग्राइंडर फिरवला की ते हवेत. ते इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत, तासन्‌तास तरंगतात आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. रुमालाने काही अडत नाही, सर्जिकल मास्कनेही नाही. पी-१०० फिल्टरचा (बारीक धूळ जवळपास सगळी अडवणारा) नाक-तोंड झाकणारा रबरी हाफ मास्क लागतो, तोही तोंडाला घट्ट बसणारा. आणि मुख्य म्हणजे ग्राइंडर आजच्या आज बंद करायला लावा.

पत्रेवाला_कुर्ला:
मी हेच काम करतो म्हणून सांगतो. जे-हूकचा, म्हणजे पत्रा धरून ठेवणाऱ्या वाकड्या हूकचा, नट गंजला की पोरं ग्राइंडर घेतात कारण पटकन होतं, पण आदल्या दिवशी तेल सोडून ठेवलं तर बरेचसे पान्याने सुटतात, उरलेले बोल्ट कटरने तोडायचे. पत्रा भिजवून काढायचा. इथे खरी अडचण आहे, सगळं छप्पर ओलं केलं की पाय घसरतो आणि पोरं पाणी मारू देत नाहीत, मी त्यांना दोष देत नाही. म्हणून फवारणीच्या हातपंपाने फक्त ज्या पत्र्यावर हात आहे तेवढाच भिजवा. जुन्या पत्र्यावर उभं राहायचं नाही, तो पायाखाली फुटतो आणि माणूस सरळ खाली, छपराच्या कैचीवर, म्हणजे पत्र्याखालच्या सांगाड्यावर, फळ्या टाकून त्यावरूनच चाला. पत्रा वरून फेकायचा नाही, अख्खा दोरीने उतरवायचा.

डॉक्टर_परळ:
यात फसवं हे आहे की आज काहीच होत नाही. ॲसबेस्टॉसिस (तंतूंनी फुप्फुस कडक होणं), फुप्फुसाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) हे सगळं वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतं, त्यामुळे आत्ता एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. भाऊ बिडी-सिगरेट ओढत असेल तर ती सोडायला लावा, दोन्ही एकत्र असले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटीने वाढतो. कामाचे कपडे तिथेच बदलायचे, घरी झटकायचे नाहीत, ते धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालाय.
सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये ॲसबेस्टॉसच्या कारखान्यांना कामगारांच्या तब्येतीचं रेकॉर्ड ४० वर्षं ठेवायला सांगितलं, ईएसआयच्या (सरकारी कामगार विम्याच्या) यादीतही हा आजार आहे. पण नाक्यावरून उचललेल्या पोराचं रेकॉर्ड कोण ठेवणार? मला याची फार चीड येते. भावाला एक वही करायला सांगा, कुठे, कोणाकडे, कधी पत्र्याचं काम केलं ते, पुढे खोकला-दम लागला तर डॉक्टरला ती वहीच दाखवायची.

भांडुपची_मेघा:
खूप आभार सगळ्यांचे, भावाला आत्ताच फोन करते आणि चाळीच्या कमिटीलाही हे वाचून दाखवते. तुकडे खाली डेब्रिजमध्येच टाकलेत आणि पोरं तिथे खेळतात, त्यांचं काय करू?

सेफ्टीवाला_ठाणे:
आधी पोरांना तिथून लांब करा. झाडू अजिबात मारू नका, पाणी शिंपडून तुकडे उचला, उचलणाऱ्यालाही तोच मास्क हवा, मग जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून टेपने बंद करा. हे साध्या डेब्रिजच्या गाडीत देऊ नका, धोकादायक कचऱ्याची सोय तळोज्याला आहे. कमिटीने कंत्राटदाराकडून लेखी घ्यावं की तो माल कुठे नेणार, आणि ते हातात येईपर्यंत त्याचं शेवटचं पेमेंट सोडू नये.