गुरुगुरु जुनं बघू की नवीन? आणि गेमचं काय?

वाळपईचो_पोर
लोकहो, 'माहोजिन गुरुगुरु' हे जपानी कार्टून (अ‍ॅनिमे) कोणी बघितलंय काय? बाहेर धो धो पाऊस, लाइट सारखी जाते, मोबाइलवर एक एपिसोड उतरवून ठेवलेला तो बघितला आणि एवढा हसलो की आई बघायला आली, नाव सांगितलं तर म्हणते गुरू म्हणजे प्रवचन आहे काय 😂 आता प्रश्न असा की १९९४ चं बघू, २००० चं की २०१७ चं? आणि गेम पण आहेत म्हणे, ते इंग्लिशमध्ये मिळतात काय?

पेडण्याचा_दादा
आईला सांग, जपानीत गुरुगुरु म्हणजे आपलं गरगर, त्यातली जादूगार पोरगी कुकुरी जमिनीवर काठीने वर्तुळं काढून जादू करते ना म्हणून. २०१७ चं बघ रे. २४ एपिसोडमध्ये गोष्ट शेवटाला जाते. जुनं ४५ एपिसोडचं, १९९५ ला संपलं आणि मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, चालली २००३ पर्यंत, १६ खंड, मग त्यात शेवट येणार कुठून?

म्हापशाची_ताई
दादा माफ करा पण नवीन इतकं पळतं की जोक कळेपर्यंत पुढचा येतो. माझं मत जुनंच. आणि आधी एखादा जुना आरपीजी (हिरो बनून मोहिमेवर जायचा व्हिडिओ गेम) खेळून घे, नाहीतर अर्धी मजा गेली. ही मांगा छापायची कोण, एनिक्स, म्हणजे 'ड्रॅगन क्वेस्ट' या आरपीजीवालेच! लेखक हिरोयुकी एतो आधी त्याच गेमवर चार चौकटींचे विनोद काढायचा, म्हणजे घरातलाच माणूस घरच्यांची टिंगल करतोय. म्हणून मध्येच गेमसारखी खिडकी उघडते आणि निवेदन टोमणे मारून जातं. गोष्टीतला हिरो निके, त्याला तर हिरो व्हायचंच नसतं, बापाची हौस सगळी.

पेडण्याचा_दादा
ते खरं गो ताई. पण आमच्यासाठी हिरो एकच, कीताकीता म्हातारा. गवताचा घागरा घालून कुठेही येऊन नाचतो, गोष्ट गंभीर झाली रे झाली की हा हजर. जत्रेत धयकाल्याला, म्हणजे दशावतारी नाटकाला, संकासूर येतो ना, तसाच, पोरं घाबरतात पण आणि हसतात पण. त्याच्यावर वेगळी मांगा पण काढलीय एतोने.

वाळपईचो_पोर
आणि गेम??

म्हापशाची_ताई
सुपर फॅमिकॉम या जुन्या जपानी गेम मशीनवर दोन, १९९५ आणि १९९६. दोन्ही जपानीच, अधिकृत इंग्लिश नाही. विनोदाचा गेम आणि भाषा कळत नाही, म्हणजे नाटकाला जाऊन कानात बोळे घालून बसल्यासारखं. आधी अ‍ॅनिमे बघ. २००० चं दोकी दोकी नंतर, ३८ एपिसोड आहेत.

वाळपईचो_पोर
बरं ताई, जुन्यापासूनच लावतो. आई पण बसलीय बाजूला, म्हणते त्या नाचणाऱ्या म्हाताऱ्याला परत दाख
लाइट गेली

पेडण्याचा_दादा
😂😂 आईला नमस्कार सांग